निजल्या पाण्यातल्या दोघी

या भूमीला नदी नाही.

युकातानच्या सपाट, शुभ्र, चुनखडीच्या द्वीपकल्पावर पडणारं पाणी कधी वाहताना दिसत नाही. ते झिरपतं, पाषाणाच्या पोटात उतरतं, आणि पोटातल्या पोटात समुद्राकडे चालू लागतं. वर रान, रानचिकूचं, सावरीचं, काटेरी झुडपांचं धूसर-हिरवं रान. रानाखाली पाषाण. पाषाणाखाली अंधार. आणि अंधाराच्याही तळाशी, युगानुयुगं कुणाची वाट न पाहता पडून राहिलेलं जल.

जिथे पाषाणाचं छत कोसळलं आहे, तिथे मात्र भूमीने डोळा उघडला आहे. गोल, निळा, अनिमिष डोळा. तिथले माया लोक अशा डोहाला त्सोनोत म्हणतात.

छुनहा नावाच्या एका लहानशा गावापलीकडे असा एक त्सोनोत होता. त्याचं नाव वेनेल-हा. वेनेल-हा म्हणजे निजलेलं पाणी.

मार्च महिन्यातली ती कोरडी, सोनसळी सकाळ. सूर्य माथ्याकडे चढत होता, आणि वेनेल-हाच्या मुखातून प्रकाशाचा एक तिरका, तेजाळ स्तंभ पाण्यात उतरत होता. त्या स्तंभातून एक लांब शेपटीचा पक्षी निळी रेघ ओढून गेला. आणि त्याच स्तंभातून, पाठीवर हवेची नळकांडी बांधलेली नोएमी कानूल पाण्यात शिरली.

नोएमी पाणबुडी होती. समुद्रातली नव्हे, गुहांतली. पाण्याखालच्या वाटांचे नकाशे करणं हे तिचं काम, आणि काम नसतानाही तीच तिची ओढ. तिच्यामागे तिचा सोबती रामिरो. दोघांच्या हातांत दिवे, आणि दोघांमागे उलगडत जाणारी पांढरी दोरी, परतीची वाट दाखवणारी.

प्रकाश मागे राहिला. निळं जांभळं झालं. जांभळं काळं झालं.

गोडं पाणी सरून खारं पाणी सुरू होतं तिथे एक थरथरता पडदा असतो, वितळत्या काचेसारखा. त्यातून जाताना आपलाच हात आपल्याला वितळताना दिसतो. नोएमीने तो पडदा ओलांडला. भुयार अरुंद झालं, वळलं, पुन्हा वळलं, आणि एकाएकी त्याच्या भिंतीच नाहीशा झाल्या.

दिव्याचा झोत पुढे गेला, आणि कशालाच न लागता विरून गेला. पृथ्वीच्या उदरात एक दालन होतं. अजस्र, नि:शब्द, सूर्याने कधीच न पाहिलेलं.

तळाशी अस्थी होत्या. आज या पृथ्वीवर नसलेल्या प्राण्यांच्या अस्थी. हत्तीच्या कुळातले कुणी, खड्गासारख्या दातांचे कुणी, तहानेने आत आलेले आणि परतीची वाट न सापडलेले. आणि त्यांच्याहून वर, एका कातळाच्या कट्ट्यावर, कुशीवर वळलेली एक स्त्री.

स्त्री म्हणजे तरी काय, मधाच्या रंगाची हाडं. गुडघे पोटाशी घेतलेले. डावा हात दुमडलेला. आणि त्या दुमडलेल्या हाताच्या कमानीत माशाच्या काट्यांसारख्या नाजूक फासळ्या, आणि पाकळ्यापाकळ्यांनी सुटं झालेलं एक चिमुकलं मस्तक.

बाळ.

नोएमीचा श्वास अडला. पाण्याखाली श्वास रोखू नये, हा पाणबुड्याचा पहिला धडा. ती तो विसरली. मग सोडलेला श्वास बुडबुड्यांच्या माळेने वर गेला, छताला लागला, आणि छतावरून दगडाची भुकटी सावकाश खाली उतरू लागली. स्त्रीवर, बाळावर, पिठासारखी, मऊ मऊ.

रामिरोने तिच्या खांद्याला हात लावला. परत, अशी खूण केली.

*

गावात नोएमीला सगळे ओळखत. नोएमी कुणाची, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुष्कळ वर्षांमागे रानात चिकूच्या झाडांचा चीक काढणाऱ्या मजुरांचा तळ पडला होता. त्यांच्यासोबत दक्षिणेकडून कुठूनशी आलेली एक बाई होती. एकटी, दिवस भरलेली, अनोळखी बोली बोलणारी. तळ पुढे गेला. ती चालू शकली नाही. गावच्या सुईणीने, फिदेलिया कानूलने, तिला आपल्या घरात घेतलं, तिकडे माणसं टांगत्या झोळीत निजतात, तशा आपल्या झोळीत निजवलं. उजाडता उजाडता मूल झालं. ऊन छपरावर येईपर्यंत आई गेली. तिचं नाव काय, गाव कुठलं, तिला ही मुलगी कुणापासून झाली, सगळं तिच्याबरोबर गेलं.

फिदेलिया विधवा होती, निपुत्रिक होती. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांत जन्मली होती, पण त्यांतलं एकही तिच्या घरी राहिलेलं नव्हतं. हे राहिलं. शेजारणींकडून दूध मागून आणून तिने ते जगवलं. नाव तिने दिलं, आडनाव आपलं दिलं, भाषा आपली दिली.

तरी नोएमीला पाण्यात वाकून पाहायची सवय लागली ती लहानपणीच. आपलं नाक कुणासारखं? आपल्या भुवया कुणाच्या? पाणी चेहरा दाखवी, उत्तर देत नसे. ती वाकत गेली, वाकत गेली, आणि एक दिवस पाण्यातच उतरली.

त्या मार्च महिन्यातल्या दुपारी ती घरी आली तेव्हा फिदेलिया चुलीपाशी बसून मक्याची भाकरी थापत होती. पांढऱ्या झग्याच्या गळ्याभोवती भरतकामाची लाल-जांभळी फुलं, मनगटापर्यंत पीठ.

"आई, आज खाली एक बाई दिसली."

"बुडालेली?"

"नाही. फार जुनी. गुहेत पाणीच नव्हतं ना, त्या काळातली."

"एकटीच होती?"

"कुशीत बाळ आहे."

फिदेलियाचे हात थांबले. भाकरी तळव्यावर तशीच राहिली.

"आहे," ती हळूच म्हणाली. "होतं नाही म्हणालीस. आहे म्हणालीस."



"मग निजू दे त्यांना. निजलेल्या बाळंतिणीला उठवत नाहीत, पोरी."

*

मेरिदा शहरातून डॉक्टर आउरेलियो बारेरा आले. जुन्या अस्थी वाचणं ही त्यांची विद्या. केस पांढरे, आवाज इतका मृदू की ऐकणाऱ्याला पुढे झुकावं लागे. नोएमीने पाण्याखाली काढलेली छायाचित्रं त्यांनी पाहिली, आणि चष्मा काढून ठेवला.

"हात लावायचा नाही," ते म्हणाले. "जिथे आहेत तिथेच राहू देत. आपण फक्त पाहू."

फिदेलियाने हे ऐकलं, आणि त्यांच्यापुढे कोकोचा गरम पेला ठेवला.

पण सप्टेंबरच्या सुमाराला समुद्रावरून तुफान आलं. त्याने रान आडवं केलं, छपरं उडवली, सावरीच्या फांद्या दूर मैदानात नेऊन टाकल्या. वारा पडल्यावर नोएमी आणि रामिरो पुन्हा वेनेल-हात उतरले. दालनाच्या छताची एक भलीमोठी शिळा खाली आली होती; तळच्या प्राण्यांच्या अस्थी तिच्याखाली गेल्या होत्या. आणि कातळकट्ट्याच्या नेमकी वर, छताला एक नवी भेग पडली होती. काळी, वाकडी, रुंदावत चाललेली.

गाव सावरीच्या झाडाखाली जमलं. झाड निष्पर्ण, पण उभं. डॉक्टर उठून उभे राहिले.

"सरकारची परवानगी माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "पण हे पाणी तुमचं आहे. तुम्ही नको म्हणालात, तर मी आल्या वाटेने परत जाईन."

मग एकेक मान वळली ती फिदेलियाकडे. जन्माच्या उंबऱ्यावर जिने त्यांना झेललं होतं, तिनेच हे ठरवावं असं जणू सगळ्यांच्या मनात एकदमच आलं.

फिदेलियाने विचारलं, "दगड पडणार हे नक्की?"

"आज नाही तर उद्या, दोन्या फिदेलिया." दोन्या म्हणजे तिकडे वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी लावायचा मानाचा शब्द.

"मग काढा त्यांना. पण आधी ती आणि मग बाळ, असं करायचं नाही. एकाच खेपेला आणायचं. बाळाला घटकाभरसुद्धा एकटं ठेवायचं नाही."

अस्थी एकेक उचलायच्या असतात, हलक्या हाताने, जपून जपून. पुष्कळ खेपा लागतात. डॉक्टर हे सांगणार, इतक्यात नोएमी म्हणाली,

"आणते मी. दोघांना एकदम."

*

मऊ स्पंजाचं अस्तर लावलेली एक रुंद, चपटी पेटी तिने आपल्या बेताने करून घेतली. मोठी हाडं कडेने, आणि मधोमध एक खोलगट जागा.

आणि एका स्वच्छ, वारा पडलेल्या सकाळी ती उतरली. निळ्यातून जांभळ्यात, जांभळ्यातून काळ्यात. वितळत्या काचेच्या पडद्यापलीकडे, त्या विराट दालनात.

रामिरोने दिवा धरला. नोएमी कट्ट्यापाशी तरंगत राहिली, पायाची बोटंही न हलवता. तिने श्वास इतका मंद केला की बुडबुडे एकेक, दुरून दुरून जाऊ लागले. मग तिचे हात पुढे झाले. फिदेलियाचे हात तिने जन्मभर पाहिले होते, ओल्या, निसरड्या, नुकत्याच आलेल्या जिवाखाली सरकणारे हात. तिचे हात तसेच झाले. मांडी. खुबा. बरगड्या. मस्तक. आणि शेवटी त्या दुमडलेल्या हाताखालून, पाण्यातून पाणी उचलावं तसं, ते लहानगं.

पेटी मिटली. त्याच क्षणी छतातून भुकटीचा लोट सुटला.

पांढरा अंधार. दिवा असून नसल्यासारखा. रामिरो हाताच्या अंतरावर असून दिसेना. नोएमीने एका हाताने पेटी उराशी धरली, दुसऱ्याने दोरी चाचपली. दोरी सापडली. बोटाबोटाने, वळणावळणाने ती मागे सरू लागली, पोटाखालचा खडक पोशाखाला घासत होता, पेटी छातीशी होती. मागे कुठेतरी पाणी हललं. तो गडगडाट तिने कानांनी ऐकला नाही, बरगड्यांनी ऐकला.

कट्टा आता राहिलेला नव्हता.

मग काळं जांभळं झालं, जांभळं निळं झालं, आणि डोक्यावर तो सुवर्णस्तंभ उभा होता. नोएमी त्यातून वर आली. आधी तिने पेटी वर केली, मग डोकं बाहेर काढलं. मागून रामिरो वर आला, हसत, खोकत.

काठावर गाव उभं होतं. कुणी टाळी वाजवली नाही. बायांनी कडेवरची मुलं जवळ घेतली, पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. फिदेलिया पुढे आली. तिने खांद्यावरची शाल काढली आणि पेटीवर पसरली.

"इतक्या काळाने ऊन एकदम डोळ्यांवर नको," ती म्हणाली.

*

मेरिदाच्या प्रयोगशाळेत त्या अस्थींकडून एक दात आणि दोघांच्याही कानामागच्या हाडाची चिमूटभर पूड मागून घेतली गेली. दगडासारख्या कठीण अशा त्या हाडात देहाची लिपी सर्वांत जास्त काळ टिकते. मांस गळतं, मज्जा सुकते, नाव विसरलं जातं. ती लिपी राहते, धूसर, तुटक, पण वाचता येण्याजोगी.

तिच्याशी ताडून पाहायला जिवंत माणसांची लिपीही हवी होती. ज्यांना वाटलं त्यांनी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून दिला. नोएमीने सगळ्यांत आधी दिला.

"काय शोधतेस?" फिदेलियाने विचारलं.

"काही नाही."

"तुम्हीही द्या ना, दोन्या," डॉक्टरांची सहायिका म्हणाली.

"मी कोण, ते मला ठाऊक आहे," फिदेलिया म्हणाली, आणि पाठ फिरवून अंगण झाडू लागली. झाडलेलंच अंगण ती पुन्हा झाडत राहिली.

ऊन कलतं झालं, पुन्हा कडक झालं. सावरीला नवी पालवी आली. आणि एका तिसऱ्या प्रहरी डॉक्टर बारेरा स्वतः छुनहाला आले. फिदेलियाच्या घरी, चुलीशेजारच्या ठेंगण्या चौरंगावर बसले. झोळीत नोएमी, उंबऱ्यात फिदेलिया.

"बारा-तेरा हजार वर्षांपूर्वीच्या आहेत दोघी," ते म्हणाले. "दोघी म्हणतो, कारण बाळ मुलगी आहे."

फिदेलियाने ओठ हलवले. मुलगी, असं काहीसं पुटपुटली.

"आणि त्या कुठून आल्या, तेही कळलं."

मग ते सांगत गेले, साध्या शब्दांत, हळू आवाजात. आणि त्या मातीच्या भिंतींच्या घरात जणू हिमयुगाचा वारा शिरला.

त्या काळी समुद्र इतका भरलेला नव्हता. त्याचं जल हिम होऊन पर्वतांवर, पठारांवर, अर्ध्या उत्तर गोलार्धावर बसून राहिलं होतं. आशियाचं ईशान्य टोक आणि अमेरिकेचं वायव्य टोक यांच्यामध्ये आज जिथे करडा, खवळलेला समुद्र आहे, तिथे तेव्हा भूमी होती. वृक्षविरळ, वाऱ्याने झोडपलेली, गवताने पिवळी; पण भूमी. तिच्यावर माणसं आली. कातडी पांघरलेली, अग्नी सांभाळणारी, सुयांनी शिवणारी माणसं. मागे हिमाने वाट रोखली, पुढेही हिमाने वाट रोखली. ती तिथेच राहिली. वर्षं नव्हे, शतकं नव्हे. पिढ्यांवर पिढ्या, सहस्रकांमागून सहस्रकं, जगापासून तुटलेली, एकमेकांना बिलगलेली.

आणि मग हिम वितळू लागलं.

किनाऱ्याकाठाने एक चिंचोळी वाट उघडली. कुणीतरी पहिलं पाऊल टाकलं. त्या पावलापुढे कुणाचंही पाऊल नव्हतं. ज्या डोंगराला नाव नाही तो डोंगर, ज्या नदीचा उतार कुणाला माहीत नाही ती नदी, ज्या पशूने माणूस पाहिला नाही तो पशू; सगळं प्रथम, सगळं अस्पर्श. एक पिढी उपसागर ओलांडून थांबली, तिची मुलं पुढच्या खाडीपर्यंत गेली, त्यांची मुलं त्याच्याही पुढे. सीलांच्या किनाऱ्यांपासून निवडुंगांच्या वाळवंटांपर्यंत, वाळवंटांपासून चिकूच्या रानांपर्यंत, कडेवर मुलं, डोक्यावर ओझी, राखेत जपलेला निखारा. कुणाला ठाऊक नव्हतं की आपण एक अख्खं खंड वसवत आहोत. त्यांना फक्त पुढचं पाणी हवं होतं.

"या दोघी त्या माणसांतल्या," डॉक्टर म्हणाले. "दातात आणि हाडात तीच खूण आहे. या खंडावर जे जे आदिवासी आहेत, उत्तरेच्या बर्फापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत, त्यांतल्या बहुतेकांची मुळं त्याच लोकांकडे जातात. तुमचीही."

चुलीतलं लाकूड तडकलं.

"अजून एक आहे, नोएमी." डॉक्टर तिच्याकडे वळले. "आईकडून लेकीला, लेकीकडून तिच्या लेकीला अशी एक खूण जाते. बापाकडून ती येत नाही. तुझी ती खूण आणि त्या बाळाची खूण एकच आहे. तिची तू वंशज, असं मी म्हणणार नाही; ते बाळ बाळपणीच गेलं. पण मागे, खूप मागे, तुम्हा दोघींची आई एक होती."

नोएमी झोळीतून उठली. पुन्हा बसली. जन्मभर ज्या प्रश्नाला पाण्याने उत्तर दिलं नव्हतं, त्याला पाण्याच्या तळातून उत्तर आलं होतं. नाव नव्हे, गाव नव्हे, पण आया. एकीमागे एक, एकीमागे एक, बर्फापर्यंत पोचणारी आयांची रांग.

उंबऱ्यात फिदेलिया बसून होती. तिने हात शालीत घेतले होते, थंडी वाजावी तसे.

"म्हणजे त्या बाईशीही माझं नातं आहे," नोएमी म्हणाली. "बाळाची खूण तिच्या आईकडूनच आली असणार ना?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "तेच मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. त्या बाईची खूण वेगळी आहे. ती त्या बाळाची आई नव्हे."



"मग त्याची आई?" फिदेलियाने विचारलं.

"ठाऊक नाही, दोन्या. तिची एकही अस्थी तिथे नाही. वाटेत गेली असेल. बाळंतपणात गेली असेल."

"आणि ही?"

"ही पाणी शोधत गुहेत शिरली असावी. हातात मशाल असेल, कुशीत मूल. अंधारात पाय घसरला, आणि ती खोल पडली. तिचा पाय मोडला आहे, उजवं मनगट मोडलं आहे." त्यांनी आपले दोन्ही तळवे पुढे करून दाखवले. "पडताना माणूस दोन्ही हात पुढे करतो. करायचं ठरवावं लागत नाही, होतंच. तिने एकच केला. डावा हात जसाच्या तसा आहे. त्याला तडाही नाही. त्यात बाळ होतं."

फिदेलियाच्या तोंडून एक आवाज आला. शब्द नव्हता तो. ती उठली आणि बाहेर अंगणात गेली.

नोएमी तिच्यामागे गेली. ऊन पिवळं झालं होतं. फिदेलिया भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्या सुरकुतल्या गालांवरून पाणी वाहत होतं, ज्या भूमीला नदी नाही तिच्या एका लेकीच्या गालांवरून.

"इतकी वर्षं मला भीती वाटायची, पोरी," ती म्हणाली. "कधीतरी कुणीतरी दारात येईल, आणि म्हणेल, ही आमची. तिच्या रक्ताचे आम्ही. आणि मी काय सांगणार होते त्यांना? माझ्यापाशी दाखवायला काय आहे?"

नोएमीने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"आलं ना कुणीतरी, आई. बघ किती लांबून आलं. माझ्याच रक्ताचं." तिला हुंदका आला, आणि हसूही आलं. "आणि येताना कुणाच्या कुशीत होतं?"

फिदेलियाने तिच्याकडे पाहिलं. मग त्या दोघी तशाच उभ्या राहिल्या, कपाळाला कपाळ लावून. आणि आत डॉक्टर बारेरा, पांढऱ्या केसांचे, हळू आवाजाचे, चुलीतल्या विस्तवाकडे पाहत बसले, बाहेर न येता.

*

संग्रहालयाच्या रीतीने त्या दोन वेगळ्या व्यक्ती होत्या, आणि दोन व्यक्तींना दोन कप्पे असतात. डॉक्टरांनी त्या रीतीशी बराच काळ वाद घातला. शेवटी मेरिदाच्या शांत, थंड, मंदप्रकाशी दालनात एकच पेटी ठेवली गेली, आणि तिच्यात स्त्रीचा डावा हात पुन्हा दुमडून ठेवला गेला, होता तसा.

ती पेटी पाहायला नोएमी आईला घेऊन शहरात गेली. फिदेलिया काचेपुढे उभी राहिली. निघताना तिने मान लववली. एका वडीलधारीने दुसऱ्या वडीलधारीला लववावी तशी.

परतताना नोएमीने गाडी उत्तरेला वळवली.

समुद्र. फिदेलियाने तो आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिला होता. उत्तरेचा गार वारा सुटला होता, आभाळ शिंपल्याच्या आतल्या रंगाचं झालं होतं, लाटा करड्या, रुपेरी, अथक. दोघी ओल्या वाळूत बसल्या.

आणि तेव्हा ते आले.

आधी क्षितिजावर एक धूसर रेघ, मग धूर, मग धुराचे ठिपके, मग पंख. तुतवार पक्ष्यांचा थवा. मुठीएवढे, राखी-पांढरे, ध्रुवाकडच्या थिजत्या प्रदेशातून निघालेले; डोंगर, सरोवरं, अरण्यं, शहरं आणि अखेर हा अवघा सागर ओलांडून आलेले.

"कुठून आले गं?"

नोएमीने हात उचलून उत्तर दाखवलं. "बर्फातून."

"एवढेसे?"

"एवढेसे."

थवा किनाऱ्यावर एकदा वळला, दुसऱ्यांदा वळला. वळताना सगळे एकदम काळे झाले, सगळे एकदम शुभ्र झाले, जणू आभाळाने पान उलटलं. त्यांत म्हातारे होते, पिल्लं होती. कुणाचं कोण, ते सांगता येत नव्हतं. मग लाट मागे सरली, वाळू आरशासारखी लखलखली, आणि ते उतरले, एक, आणि एक, आणि अनेक. थकलेले, थरथरणारे, पोचलेले. आणि त्या अफाट खंडाच्या ओल्या काठावर त्यांनी, हळूच, पंख मिटले.